टँकरला फोन करण्याआधी: पुण्यातल्या सोसायटीनं पाण्याची कामं कोणत्या क्रमानं करावीत

उंड्रीतल्या आमच्या सोसायटीची एका एप्रिलमध्ये सर्वसाधारण सभा होती. विषय एकच: तिसरं बोअर घ्यायचं की टँकर वाढवायचे. दोन तास वादावादी झाली. हात वर करून मतं मोजायची वेळ आली, तेव्हा मागच्या रांगेतून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारलं, "आपण रोज पाणी किती वापरतो?" सेक्रेटरींनी टँकरचा आकडा सांगितला. काका म्हणाले, "मी टँकर नाही विचारले. पाणी विचारलं." कुणालाच सांगता येईना.

त्या दिवशी बोअरचा ठराव बारगळला. पुढच्या वर्षभरात आम्ही जे शिकलो ते इथं लिहितो आहे. एअरेटर (नळाच्या तोंडाला लावायची, धारेत हवा मिसळणारी जाळी) बसवा, पावसाचं पाणी जिरवा, नळ गळू देऊ नका, हे सगळं प्रत्येकाला ठाऊक असतं. चुकतो तो क्रम. बहुतेक सोसायट्या सर्वांत महाग काम आधी करतात आणि फुकटचं काम शेवटपर्यंत करतच नाहीत.

पाणी कुठून येतं, हे आधी समजून घ्या

पुणे शहर मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर जगतं. चारही काठोकाठ भरली की साधारण २९ टीएमसी पाणी होतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण याच पाण्यावर कालव्याखालची हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही आहे. दर उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शहराचं पाणी आणि शेतीचं आवर्तन (कालव्यातून पाळीनं सोडलं जाणारं पाणी) यांची ओढाताण होते, ती त्यामुळेच. त्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. हद्द एका अधिसूचनेनं वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. मधली पोकळी टँकरनं भरली. पिंपरी-चिंचवडला तर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. तिथल्या सोसायट्यांनाही पुढचा सगळा क्रम जसाच्या तसा लागू पडतो.

टँकरचं पाणी तरी कुठून येतं? बरंचसं आसपासच्या विहिरी आणि बोअरमधूनच. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. यात वाळूच्या थरासारखं सगळीकडे पाणी मुरत नाही. ते भेगांत आणि वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात साठतं. म्हणून शेजारशेजारच्या दोन बोअरना अनेकदा एकाच भेगेचं पाणी मिळतं आणि नवं बोअर लागलं की जुनं आटतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. तिसरं बोअर घेतलं की पोहरा वाढतो, आड तेवढाच राहतो.

पहिलं काम: मोजा

किमान दोन आठवडे, जमलं तर महिनाभर फक्त मोजा. काहीही बदलू नका.

पाणी सोसायटीत येण्याच्या प्रत्येक वाटेवर एक मीटर हवा: महापालिकेची लाइन, बोअरची लाइन आणि वरच्या टाक्यांकडे जाणारी पंपाची लाइन. प्रत्येक विंगच्या वरच्या टाकीतून खाली येणाऱ्या मुख्य पाइपलाही मीटर लावता आला तर फारच उत्तम. वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवा आणि रोज सकाळी एकाच वेळी आकडे लिहा. मोबाइलवर ॲप घेण्याची घाई करू नका. वही पुरते आणि ती सगळ्यांना दिसते.

टँकरचं मोजमाप वेगळं करावं लागतं. दहा हजार लिटरचा म्हणून आलेला टँकर खरंच दहा हजार ओततो का, हे पाहायला खालची टाकी आणि एक पट्टी पुरते. समजा खालची टाकी आतून ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. म्हणजे पाण्याची पातळी १ सेंटिमीटर चढली की २०० लिटर पाणी आलं. दहा हजार लिटरला पातळी ५० सेंटिमीटर चढली पाहिजे. टँकर रिकामा होईपर्यंत पंप बंद ठेवा, बाकीच्या लाइन बंद ठेवा, आधीची आणि नंतरची पातळी लिहा. ४४ सेंटिमीटर भरली, तर ८,८०० लिटर आलं. आम्ही ही पट्टी टाकीच्या भिंतीवर रंगवून घेतली. कुणाशी भांडावं लागलं नाही. ड्रायव्हरच्या समोर पातळी वाचायला सुरुवात केली आणि पुढच्या आठवड्यापासून टँकर भरून येऊ लागले.

आता हिशोब. रोजचं एकूण पाणी भागिले राहणारी माणसं. समजा ९६ घरांत ३३० माणसं राहतात आणि रोज ६२,००० लिटर लागतं, तर माणशी १८८ लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी १३५ लिटरचा निकष धरला जातो. त्या हिशोबानं ४४,५५० लिटर पुरायला हवेत. वरचे साडेसतरा हजार लिटर, म्हणजे जवळजवळ दोन टँकर, रोज कुठे जातात हे शोधायचं आहे. एकूण आकडा हाती आल्याशिवाय बचतीची मोहीम सुरू करू नका, कारण मग काय साधलं हे कधीच कळत नाही आणि तीन महिन्यांत उत्साह मावळतो.

दुसरं काम: गळती, आणि तीही रात्री

गळती दिवसा सापडत नाही, कारण दिवसा सगळेच पाणी वापरत असतात. रात्री दोन ते चार ही वेळ निवडा. आधी वरच्या टाक्या भरून घ्या, पंप बंद करा, दोनला प्रत्येक टाकीची पातळी मोजा, पुन्हा चारला मोजा. थोडी घट होणारच, कुणीतरी उठतंच. पण एखाद्या विंगची टाकी बाकीच्यांपेक्षा भराभर उतरत असेल, तर ती विंग पकडा.

खालच्या टाकीची परीक्षा त्याच रात्री होते. येणाऱ्या सगळ्या लाइन बंद, पंप बंद, पातळीवर खूण. वरच्या उदाहरणातल्या टाकीत दोन तासांत एक सेंटिमीटर उतरलं, तर २०० लिटर जमिनीत गेले. दिवसाचे २,४०० लिटर. जमिनीखालच्या टाकीच्या भेगेतून पाणी बाहेर जातं तसं बाहेरचं घाण पाणी टाकी रिकामी असताना आतही येतं, म्हणून ही दुरुस्ती पुढे ढकलू नका.

घरातला मोठा चोर म्हणजे कमोडचा फ्लश. नळ टपकला तर आवाज येतो. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला वीसेक लिटर जातात, हे डोळ्यांना दिसतं. फ्लशच्या टाकीतलं पाणी मात्र आतल्या वायसरमधून कमोडच्या भिंतीवरून गुपचूप ओघळतं आणि त्यात दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकतात. परीक्षा सोपी आहे. फ्लशच्या टाकीत खायचा रंग किंवा चमचाभर हळदीचं पाणी टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर वायसर गेला. आम्ही एका रविवारी विंगनिहाय मुलांच्या टोळ्या केल्या, प्रत्येकीला रंगाची बाटली आणि यादी दिली. कमिटीच्या नोटिशीनं जे झालं नसतं ते मुलांनी दारं वाजवून दोन तासांत केलं. नंतर एकच प्लंबर दोन दिवस बोलावून सगळे वायसर सोसायटीच्या खर्चानं बदलून घेतले. प्रत्येकाला स्वतः करायला सांगितलं असतं तर वर्ष गेलं असतं.

आणखी एक जागा हमखास तपासा: वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो. बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) बिघडला किंवा पंपमननं वेळेवर मोटर बंद केली नाही, तर पाणी वाहतं. आमच्या एका टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बिल्डरनं थेट गच्चीच्या पावसाळी पाइपात सोडला होता. पाणी किती दिवस गटारात जात होतं हे कुणाला दिसलंच नाही. तो पाइप तोडून आम्ही गेटजवळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काढला. टाकी वाहू लागली की आता पाच जणांचे फोन येतात. पातळीवर चालणारा ऑटो स्विचही बसवा, पण ओव्हरफ्लो दिसला पाहिजे हे आधी.

तिसरं काम: दाब आणि नळ

टाकीपासून खाली दर १० मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलोनं वाढतो. अकरा मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहिल्या मजल्यावर तीन किलोच्या आसपास दाबानं येतं. तिथं नळ जरा उघडला तरी धार अंगावर उडते. खालच्या मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह आहेत का ते डक्टमध्ये पाहा. अनेक इमारतींत ते बसवलेले असतात, पण जाळीत कचरा अडकल्यावर कुणीतरी काढून टाकलेले असतात.

मग नळ. बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर नळ मिनिटाला १५ लिटर सोडतो. बेसिनला ३ लिटर पुरतात, स्वयंपाकघरातल्या सिंकला ५ ते ६. तिथं एअरेटर लावा. हवा मिसळल्यानं धार भरीव वाटते आणि हात धुताना फरक जाणवत नाही. पण बादली भरायच्या नळाला एअरेटर लावू नका. बादलीला लागायचं तेवढंच पाणी लागतं, फक्त उभं राहायचा वेळ वाढतो आणि घरातलं कुणीतरी वैतागून तो काढून फेकतं. एकदा काढलेला एअरेटर परत कुणी बसवत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर दर दोन महिन्यांनी तो काढून रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवायचा, क्षार सुटतात.

जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा लिटर जातात. नव्या दोन बटणांच्या टाकीत मोठ्याला ६ आणि छोट्याला ३. टाकी बदलणं शक्य नसेल तर पाण्यानं भरून झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली टाकीत ठेवा, आतल्या दांड्याला अडणार नाही अशी. वीट ठेवू नका. ती विरघळते आणि वायसर खराब करते.

आरओबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं पाणी आणि आरोग्य दोन्ही आहे. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर सोडून देतो. धरणाचं पाणी मऊ आहे, त्याला आरओची गरज नसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत. क्षार मोजायचं पेन घेऊन सोसायटीच्या पाण्याची आठवडाभर रोज नोंद करा, कारण टँकर आला की आकडा बदलतो. सतत ५०० च्या आत असेल तर जंतू मारणारा साधा फिल्टर पुरेल. आरओ लागणारच असेल तर बाहेर पडणारं पाणी बादलीत धरा आणि फरशी, संडास, बाल्कनी धुवायला वापरा. झाडांना रोज घालू नका, मातीत क्षार साचतात.

मात्र हे पेन जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात गुलेन-बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याची शंका घरोघरी पोचली. पाणी वाचवण्याच्या नादात ते दूषित राहू देणं परवडणारं नाही. क्लोरीन तपासण्याचा छोटा संच मिळतो. थेंब टाकून रंग जुळवायचा, बस. शेवटच्या मजल्याच्या नळाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन दिसलं पाहिजे. टँकर आला की खालच्या टाकीत ही तपासणी करूनच पंप चालू करायचा, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

चौथं काम: बिल वापराप्रमाणे

इथं माणसं दुखावतात, म्हणून हे काम गळती बंद झाल्यावरच काढा. आपल्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, पाण्याचा आकार घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा आहे. म्हणजे दोन आजी-आजोबा राहतात त्या घराला आणि सहा जणांच्या घराला एकसारखं बिल. मीटरप्रमाणे आकारणी करायची तर तसा ठराव सर्वसाधारण सभेत रीतसर मंजूर करून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. नाहीतर पहिल्याच बिलाला हरकत येते.

अडचण प्लंबिंगची असते. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत एका घरात पाणी एका जागेतून येत नाही. स्वयंपाकघर, दोन बाथरूम आणि धुण्याभांड्यांची ड्राय बाल्कनी यांना डक्टमधून वेगवेगळे पाइप येतात. एका घराला चार-पाच मीटर लागतात. ते एकदम परवडत नसेल तर विंगच्या मुख्य मीटरचा माणशी आकडा दर आठवड्याला लिफ्टमध्ये लावा. घराचं नाव नाही, फक्त विंग. एवढ्यानंही लोक एकमेकांना विचारू लागतात. पुढे पैसे जमले की घरोघरी मीटर लावा आणि माणशी ठरावीक लिटरपर्यंत कमी दर, त्यापुढे जास्त दर ठेवा. घरी बाळंतीण, आजारी माणूस असेल तर सवलतीचं कलम त्याच ठरावात घाला.

पाचवं काम: गच्चीवरचा पाऊस

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला साधारण ७२० मिलिमीटर पडतो. ५०० चौरस मीटर गच्ची असेल आणि वीस टक्के उडून-वाहून गेलं असं धरलं, तर २ लाख ८८ हजार लिटर होतात. जवळजवळ २९ टँकर. एवढं पाणी आज पावसाळी पाइपातून रस्त्यावर जातं आणि तिथं तुंबतं.

हे पाणी आधी वापरा, उरलं ते जिरवा. टँकरवर अवलंबून असलेल्या भागात पावसाळ्यातही टँकर चालूच असतात. मग गाळलेलं पावसाचं पाणी खालच्या वेगळ्या टाकीत घेऊन संडासला, बागेला, धुण्याला का वापरू नये? पिण्याच्या टाकीत मात्र ते थेट मिसळू नका.

मेच्या अखेरीस गच्ची घासून धुवा. पक्ष्यांची विष्ठा, वाळलेली पानं, जुन्या गाद्या, तुटक्या कुंड्या सगळं खाली. प्रत्येक पावसाळी तोंडाला जाळी बसवा. पहिल्या पावसाचं पाणी घ्यायचं नाही. निदान दोन मिलिमीटर, म्हणजे आपल्या उदाहरणात पहिले हजार लिटर, बाहेर सोडण्यासाठी पाइपाला वेगळा व्हॉल्व्ह हवा. त्यानंतर गाळ बसायची कुंडी आणि मग खडी, बारीक खडी, वाळू असा फिल्टर. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत चुना-विटांच्या बंदिस्त नळातून पाणी आणलं. त्या वाटेवरचे उच्छ्वास, म्हणजे नळावर बांधलेले उभे बुरूज, हवा सोडण्यासाठी आणि गाळ खाली बसवण्यासाठी होते. गाळ आधी अडवायचा, हे तेव्हाही माहीत होतं. आज कित्येक सोसायट्यांतले फिल्टर दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडतात, कारण कुंडी साफ करण्याचं काम कुणाच्याच नावावर नसतं. ते वहीत नावानिशी लिहा.

बोअरमध्ये पाणी सोडायचं असेल तर तीन गोष्टी कटाक्षानं पाळा. फक्त गच्चीचं, गाळलेलं पाणी घ्या. पार्किंग आणि रस्त्याच्या पाण्यात तेल असतं, ते भेगेत गेलं की परत निघत नाही. मैलापाण्याची लाइन बोअरच्या जवळून जात असेल तर आधी ती तपासा. आणि बोअर पाणी घेतं का, ते पाहा. पावसाळ्यात साठलेलं चार-पाच हजार लिटर गाळीव पाणी एकदम सोडा आणि पातळी उतरते का ते बघा. काठापर्यंत भरून तसंच राहिलं, तर त्या बोअरला भेग नाही, तिथं खर्च करू नका. कोरडं म्हणून सोडून दिलेलं बोअर कधी कधी सगळ्यांत चांगलं पाणी पितं. शंका असेल तर भूजल शास्त्रज्ञाला बोलवा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे.

चालू स्थितीतल्या पर्जन्यजल योजनेसाठी महापालिका मालमत्ता करात सवलत देते. सौर ऊर्जा किंवा गांडूळखत प्रकल्पही असेल तर ती वाढते. अर्जाची आठवण मिळकतकराचं बिल आल्यावर होते, म्हणून आधीच कागद तयार ठेवा.

सहावं काम: सांडपाण्याचा प्रकल्प

मोठ्या सोसायट्यांत तो बांधलेला असतोच, प्रश्न चालतो का एवढाच. वास येतो म्हणून रहिवासी ओरडतात, वीज वाचावी म्हणून ब्लोअर बंद ठेवला जातो आणि ब्लोअर बंद असल्यामुळेच वास येतो. जिवाणूंना हवा लागते. ब्लोअर चालकानं किती तास चालवला याची नोंद मागा, दर महिन्याला पाण्याची तपासणी करून घ्या.

शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं. वर्षातून एकदा एक परीक्षा घ्या: पिण्या-वापराच्या पाण्याची (फ्लशची नव्हे) मुख्य लाइन पूर्ण बंद करून अर्ध्या तासानं प्रत्येक घरात नळ उघडायला सांगा. फ्लशशिवाय दुसऱ्या कुठल्याही नळाला धार लागली, तर कुणीतरी घराची दुरुस्ती करताना दोन लाइन जोडल्या आहेत. त्याच दिवशी शोधा.

आणि कितीही छोटं काम असो, प्रकल्पाच्या टाकीत कुणालाही उतरवू नका. आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. माणसाकडून मैला साफ करून घेणं आणि सुरक्षेविना मैलाटाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सफाई यंत्रानंच करून घ्या.

वर्षाचं वेळापत्रक

जानेवारीत मोजणी सुरू करा, म्हणजे उन्हाळ्याआधी गळतीचं काम उरकतं. मार्चपर्यंत दाब आणि नळ. एप्रिलच्या सभेत आकडे समोर ठेवून मीटरचा ठराव. मेमध्ये गच्ची आणि फिल्टर. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला कुंडी साफ.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बोअरची पातळी मोजा. मोटर आठ तास बंद ठेवायची, दोरीला मीटरमीटरवर गाठी मारायच्या, टोकाला एक इंची पाइपातून जाईल असं, खालून पोकळ, जड लोखंडी नळकांडं लावून सोडायची. नळकांडं पाण्याला टेकलं की डुबुक असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मोटरच्या केबलमध्ये दोरी अडकू नये म्हणून बोअरमध्ये आधीच एक इंची पाइप सोडून ठेवा. किती गाठी आत गेल्या तो आकडा त्याच वहीत लिहा आणि शेजारी मेअखेरचा आकडा लिहायला जागा सोडा.